दहा किलोच्या जिवाला भूल

"सायेब, उठीन नं थे?"

ऑपरेशन थिएटरच्या दारात सर्जनला लोक बरंच काही विचारतात. टाके किती पडतील, किती दिवस राहावं लागेल, व्रण राहील का, खर्च किती. भूलतज्ज्ञाला बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, तो हा. विचारणारी आई असते किंवा आजी. लेकरू कडेवर असतं आणि तिने त्याच्या सदऱ्याचा कोपरा मुठीत धरलेला असतो.

वर्षानुवर्षं मी "उठेल, काळजी करू नका" असं उत्तर देत आलो आहे. ते जवळजवळ नेहमी खरंही ठरतं. पण ते खरं ठरतं यात औषधाचा वाटा किती आणि औषध देणाऱ्याने काय शिकलेलं आहे याचा वाटा किती, हे लोक विचारत नाहीत आणि आम्ही सांगत नाही. तेल्हाऱ्यासारख्या तालुक्यातल्या लेकराला भूल देणाऱ्या डॉक्टरने नेमकं काय शिकलेलं असावं, आणि आज ते त्याला कुठे शिकायला मिळतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

तेल्हारा हे अकोला जिल्ह्याचं उत्तर टोक. वर सातपुडा आणि वान नदी, खाली कपाशी, केळी आणि खारपाणपट्टा. डोंगराच्या पायथ्याशी मेळघाटातून उठवून आणलेली काही गावंही आता याच भागात आहेत. लहान मुलाचं ऑपरेशन म्हटलं की इथून माणूस अकोटवरून अकोल्याला जातो आणि तिथे जमलं नाही तर अडीचशे किलोमीटरवर नागपूर. मी या पट्ट्यातला फिरता भूलतज्ज्ञ. एका दवाखान्याचा नोकर नाही. फोन आला की बॅग गाडीत टाकून निघायचं. त्या बॅगेत लॅरिंगोस्कोपची लहान पाती, साडेतीनपासूनच्या ट्यूबा, बाळाच्या तोंडाचे मास्क, जेआर सर्किट आणि चिमुकल्या बोटाला बसेल असा ऑक्सिमीटरचा चिमटा असतो. मोठ्या माणसांचं सामान दवाखान्यात असतं, लेकरांचं मला न्यावं लागतं. यातच बरंच काही आलं.

मूल म्हणजे छोटा केलेला मोठा माणूस नव्हे, हे आमच्या सगळ्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर असतं. विद्यार्थी ते पाठ करून पुढे सरकतात. त्याचा अर्थ आकड्यांत पाहू. दहा किलोचं मूल घ्या. तक्त्याप्रमाणे ते वर्ष-सव्वा वर्षाचं असावं. आमच्याकडे दोन वर्षांचंही असतं. त्याच्या अंगात रक्त किलोमागे 80 मिलिलिटर धरलं तर साधारण 800 मिलिलिटर. हॉटेलातला एक कटिंग चहा सांडावा तेवढं रक्त गेलं की दहावा हिस्सा गेला. तीन किलोच्या नवजात बाळात तर एकूण रक्तच पाव लिटरच्या आसपास. सर्जनच्या हातातला एक भिजलेला कापसाचा बोळा तिथे मोजून पाहावा लागतो.

श्वासाचा हिशेब याहून कडक. लहान मूल किलोमागे मोठ्यांच्या दुप्पट प्राणवायू वापरतं आणि त्याच्या फुप्फुसातला साठा मात्र लहान. निरोगी प्रौढाला आधी भरपूर ऑक्सिजन देऊन श्वास थांबवला तर रक्तातली पातळी 90 टक्क्यांखाली यायला सहा ते आठ मिनिटं लागतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती दीड मिनिटाच्या आसपास येते. म्हणजे ट्यूब टाकताना पहिला प्रयत्न फसला तर विचार करायला मोकळा वेळ नाही. शिवाय ती वाटच अरुंद. बाळाच्या चार मिलिमीटरच्या नळीला सगळ्या बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर वाट दोन मिलिमीटर उरते आणि हवेला होणारा अडथळा सोळा पटींनी वाढतो. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटरच्या नळीत तेवढीच सूज आली तर तो जेमतेम तिपटीने वाढतो.

औषधांचं तर विचारू नका. बाजारातली जवळजवळ प्रत्येक कुपी मोठ्या माणसासाठी भरलेली असते. अॅट्रोपीनच्या एका मिलिलिटरमध्ये 0.6 मिलिग्रॅम; दहा किलोच्या मुलाला हवं 0.2, म्हणजे कुपीचा तिसरा हिस्सा. तापाचं आणि वेदनेचं नेहमीचं पॅरासिटामोल शिरेतून देतात, त्याच्या बाटलीत 100 मिलिलिटरमध्ये 1000 मिलिग्रॅम असतं. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम द्यायचं तर 15 मिलिलिटर. घाईत मिलिग्रॅमचा आकडा मिलिलिटर म्हणून वाचला गेला की अख्खी बाटली लटकते. ही कल्पना नव्हे. जगभर हीच चूक इतकी झाली की औषध नियंत्रकांना तिच्याबद्दल वेगळे इशारे काढावे लागले. म्हणून मुलांची भूल शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी काय शिकवावं असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, वजनकाटा. मूल काट्यावर ठेवायचं, आकडा कागदावर लिहायचा, प्रत्येक औषध त्या आकड्याने मोजून, पातळ करून, सिरिंजवर नाव लिहून ठेवायचं. "दिसायला दहा-बारा किलोचं आहे" हे वाक्य थिएटरमध्ये ऐकू येऊ नये.

आणि थंडी. अकोल्याचा पारा 45च्या वर असताना आमच्या एसी थिएटरमध्ये बाळ गारठतं, हे नातेवाइकांना खरं वाटत नाही. अंगाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा आणि तान्ह्या बाळाला नीट कुडकुडताही येत नाही. मी आधी एसी बंद करायला सांगतो. सर्जन घामाने भिजतो आणि माझ्यावर चिडतो. चिडू दे.

आता माझी चूक. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. चार वर्षांचं पोर, जांघेतला हर्निया. नाक वाहत होतं. सर्दी झालेल्या मुलाची श्वासनलिका सर्दी उतरल्यावरही दोन ते सहा आठवडे चिडखोर राहते, हे मला ठाऊक होतं. पण सर्जन बाहेरगावाहून आले होते, माणसं पहाटेपासून बसली होती, लेकरू उपाशी होतं. शिवाय या वयाच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होतेच; कोरडं नाक पाहायचं ठरवलं तर ऑपरेशनचा मुहूर्तच लागत नाही. मी हो म्हटलं. ऑपरेशन छान झालं. शेवटी ट्यूब काढली आणि पोराचा घसा आवळून बंद झाला. याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात: स्वरयंत्राची दारं घट्ट मिटतात, छाती ओढते पण हवा आत जात नाही. ऑक्सिमीटरचा सूर आकड्याबरोबर खाली उतरत जातो, डोळे मिटूनही कळतं. जबडा पुढे ओढून, मास्क दाबून ऑक्सिजन देत होतो आणि स्नायू सैल करणारं औषध मागत होतो. ते कपाटात होतं. भरलेलं नव्हतं. ते येईपर्यंतचा वेळ घड्याळात फार नसेल. पोर निळं पडलं, मग औषध गेलं, घसा उघडला, रंग परत आला. दुसऱ्या दिवशी ते घरी गेलं. त्याच्या आईने जाताना माझ्या हातावर पेढा ठेवला. आत काय झालं हे तिला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. आज सांगितलं असतं.

लॅरिंगोस्पाझमवर मी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं, चांगले गुण मिळाले होते. ज्ञान कमी नव्हतं. मागे उभा राहून "आधी सिरिंज भरून ठेव" म्हणणारा वरिष्ठ माझ्या शिक्षणात कमी पडला होता; आणि भरल्या खोलीसमोर "आज नको" म्हणण्याची सवय मला कोणी लावली नव्हती. प्रशिक्षणाच्या उद्दिष्टांच्या याद्या मी वाचल्या आहेत. त्यांत शरीरशास्त्र, औषधं, नळ्या, यंत्रं सगळं असतं. नकार देण्याचा सराव हे उद्दिष्ट ठळकपणे लिहिलेलं मला क्वचितच दिसलं.

हे शास्त्र मुळात मुलांच्या अंगावर शिकत आलं आहे. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये मॉर्टनने इथरचं जाहीर प्रात्यक्षिक केलं, पुढच्या वर्षी एडिंबरोत सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणलं, आणि 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळच्या एका गावात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. भुलेखालचा हा पहिला नोंदलेला मृत्यू. नखासाठी. योगायोग असा की जवळजवळ नव्वद वर्षांनी त्याच न्यूकॅसलमध्ये लेकरांच्या भुलेतली एक मोठी सुधारणा झाली. फिलिप आयर हा भूलतज्ज्ञ स्वतः दुभंगलेले ओठ आणि टाळू घेऊन जन्मला होता. तसल्याच बाळांना भूल देताना त्याच्या लक्षात आलं की मोठ्यांच्या यंत्रातल्या झडपा उघडमीट करण्यातच बाळ थकून जातं. 1937 मध्ये त्याने झडपच नसलेली टी आकाराची एक साधी नळी वापरायला सुरुवात केली. 1950 मध्ये लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी तिला एक पिशवी जोडली. माझ्या बॅगेतलं जेआर सर्किट ते हेच. वीज गेली तरी चालतं, बिघडण्यासारखं त्यात काही नाही, आणि पिशवीवरच्या हाताला बाळाचा श्वास जाणवतो. तालुक्याच्या जागी याच्याइतकं कामाचं यंत्र मी पाहिलेलं नाही.

वेदनेबद्दलचा इतिहास मात्र लाज आणणारा आहे. नवजात बाळाला दुखत नाही, दुखलं तरी आठवत नाही, आणि भूल सोसणार नाही, अशा समजुतीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर नुसते स्नायू सैल करणारं औषध देऊन शस्त्रक्रिया होत. बाळ हलत नसे, म्हणून ते शांत आहे असं धरलं जाई. हे मोडून काढण्यात इंदूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांचा मोठा वाटा. 1987 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी दाखवलं की फेंटानिल देऊन नीट भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी येतो आणि ती नंतर अधिक स्थिर राहतात. अभ्यासात बाळं होती फक्त सोळा. त्यामुळे जगाची पद्धत बदलली. मी शिकत होतो तेव्हा काही वरिष्ठ "एवढ्याशा जिवाला काय कळतंय" असं अजून म्हणत होते, हेही नोंदवतो.

मग हे सगळं आज कुठे शिकवलं जातं? अमेरिकेत भूलशास्त्राच्या शिक्षणानंतर मुलांच्या भुलेसाठी वेगळं एक वर्ष असतं आणि 2013 पासून त्याची स्वतंत्र परीक्षा आहे. आपल्याकडे एमडीनंतर लहान मुलांच्या व नवजातांच्या भुलेचा तीन वर्षांचा डीएम आहे, काही मोठ्या रुग्णालयांत वर्षाची फेलोशिप आहे. इतके शिकलेले लोक मुंबई, दिल्ली, चंदीगडसारख्या ठिकाणी लागतात, आणि ते योग्यच आहे. हृदयाला छिद्र असलेलं बाळ, अन्ननलिका न जुळलेलं नवजात, हे त्यांचंच काम. पण तेल्हाऱ्याच्या लेकराला बहुधा तो भेटत नाही. त्याला भेटतो साधा एमडी किंवा दोन वर्षांचा डिप्लोमा केलेला माणूस. त्याने शिकताना किती मुलं हाताळली हे त्याच्या कॉलेजात बालशस्त्रक्रिया विभाग होता की नव्हता यावर ठरलेलं असतं. एकाच पदवीच्या दोघांपैकी एकाने तीनशे मुलं पाहिलेली असू शकतात, दुसऱ्याने तीस.

सरकारला गाव पातळीवर भूल पोचवता येत नाही असंही नाही. बाळंतपणातल्या सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ मिळेना, तेव्हा एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांचं जीवरक्षक भूल-प्रशिक्षण देण्याची योजना केंद्राने आणली. तिच्यावर आम्हा तज्ज्ञांनी नाकं मुरडली, पण तिने उद्दिष्ट स्पष्ट ठेवलं होतं: एक प्रसंग, एक रुग्ण, तेवढं नीट करा. त्या प्रसंगात आई होती. मुलांसाठी असं नेमकं, मोजकं उद्दिष्ट अजून कोणी ठरवलेलं नाही.

दुसऱ्या बाजूने मुलं शोधायचं काम मात्र जोरात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ठरावीक तीस आजार तपासतात. फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयाचा दोष, सगळं यादीत चढतं. उत्तम योजना आहे. पण यादीतल्या प्रत्येक नावापुढे शेवटी एक भूलतज्ज्ञ उभा राहावा लागतो, आणि तो लेकरांना न घाबरणारा असावा लागतो. युरोपातल्या 33 देशांत तीस हजारांहून अधिक मुलांचा एक मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सुसज्ज रुग्णालयं असूनही शंभरातल्या पाच मुलांना भुलेत गंभीर प्रसंग ओढवला होता, वय जितकं कमी तितका धोका जास्त, आणि भूल देणारा जितका अनुभवी तितका तो कमी.

माझं मत असं. एक वर्षाखालचं बाळ आणि जन्मजात मोठा दोष असलेलं मूल मोठ्या केंद्रातच जावं. तिथे तालुक्याने हौस करू नये. दोन-तीन वर्षांवरच्या निरोगी मुलाचा हर्निया, न उतरलेला अंडकोश, मोडलेला हात एवढं जिल्ह्यात, उपजिल्ह्यात झालं पाहिजे. त्यासाठी चारशे-पाचशे किलोमीटरची फेरी हा अन्याय आहे. आणि बुडालेलं, भाजलेलं, झटके येणारं, श्वास अडकलेलं कुठलंही मूल पहिल्या तासात सांभाळून पुढे सुखरूप पोचवणं प्रत्येक भूलतज्ज्ञाला आलंच पाहिजे. ब्रिटनमध्ये ही शेवटची गोष्ट सर्वसाधारण भूलतज्ज्ञाच्याही प्रशिक्षणात धरलेली असते. आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. त्याची उलटी फेरीही हवी: जिल्ह्यातल्या, तालुक्यातल्या भूलतज्ज्ञाने दर दोन-तीन वर्षांनी चार-सहा आठवडे मुलांच्या मोठ्या रुग्णालयात हात साफ करून यावेत, त्या काळाचा पगार किंवा भत्ता मिळावा. हात विसरतात. पुस्तक वाचून ते आठवत नाहीत.

पहिल्या तासाचं सांगतो, कारण आमच्याकडे त्याचा हंगाम असतो. हिवाळ्यात घराघरांत तुरीचे, हरभऱ्याचे सोले निघतात, शेंगा फोडल्या जातात आणि रांगतं पोर मुठीने दाणे तोंडात टाकतं. त्याला दाढा नसतात. हसताना किंवा रडताना दाणा श्वासनलिकेत जातो. एकदम ठसका लागतो, मग थोडं बरं वाटतं, आणि इथेच फसगत होते. एक्स-रेमध्ये हरभरा दिसत नाही. मूल आठवडेच्या आठवडे न्यूमोनिया म्हणून औषध घेत राहतं, तोवर दाणा फुगतो. "खाता खाता एकदम ठसका लागला होता का?" हा एक प्रश्न विचारायला शिकवणं हेही प्रशिक्षणच. दाणा काढायचा तर दुर्बिणीची ताठ नळी त्याच श्वासनलिकेत घालावी लागते जिच्यातून मला श्वास द्यायचा असतो. एक वाट, दोन माणसं. त्याला नळी हवी, सराव असलेला सर्जन हवा, आणि मूल स्वतः श्वास घेत राहील अशी हलकी पण पुरेशी भूल देणारा हवा.

एका रात्री तेल्हाऱ्याकडचं असं एक लेकरू माझ्यासमोर आलं. जिथे आलं तिथे दुर्बीण नव्हती. बाप म्हणत होता, "इथंच गुंगी देऊन काढून टाका नं सायेब, अकोल्याले नेता नेता काई झालं त?" लेकरू खोकत होतं, रंग चांगला होता. खोकणाऱ्या मुलाच्या तोंडात बोट घालायचं नाही, पाठीवर निजवायचं नाही, रडवायचं नाही. आईच्या मांडीवर बसवून नाकाशी ऑक्सिजन धरला आणि 108 मध्ये बॅग घेऊन मी सोबत बसलो. अकोल्याला पोचेपर्यंत मी त्याला काहीही दिलं नाही. दाणा दुसऱ्या दिवशी निघाला, तुरीचा होता. (श्वास पूर्ण अडकून आवाज बंद झाला तर गोष्ट वेगळी: वर्षाखालच्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापा आणि उताणं करून छातीवर पाच दाब, मोठ्या मुलाला मागून पोटावर दाब. हे अंगणवाडीताईलाही आलं पाहिजे.)

पालकांशी बोलणं हा अभ्यासक्रमातला सर्वांत दुर्लक्षित धडा. शिकलेले आईबाप आता विचारतात, भुलेने मेंदूवर परिणाम होतो का. 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन वर्षांखालच्या मुलांना लांबलेल्या किंवा वारंवार भुलेबाबत सावध केलं होतं. त्यानंतर सात देशांतल्या सातशेहून अधिक बाळांचा पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला. तासाभराच्या आतल्या एका भुलेने बुद्धीत फरक पडल्याचं दिसलं नाही. हे सोप्या मराठीत सांगता आलं पाहिजे. पण तेल्हाऱ्याच्या आजीची अडचण वेगळी असते. तिला उपास कळत नाही, कारण आम्ही तो नीट सांगत नाही.

"रात्रीपासून काही देऊ नका" असं सांगून मोकळं होणं सगळ्यात सोपं. मग लेकरू रात्री आठला जेवतं, पहाटेच्या एसटीने आई त्याला घेऊन निघते, यादीत त्याचा नंबर दुपारी एकला येतो. सतरा तास. तोवर ते कोमेजलेलं असतं, शीर सापडत नाही, साखर उतरलेली असू शकते. नियम तसा नाहीच. हलकं खाणं आणि वरचं दूध सहा तास आधीपर्यंत, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी किंवा साखरपाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. युरोपात तर आता पाणी एक तासापर्यंत देतात. हे घड्याळ एसटीच्या वेळेशी जुळवून, मुलाचा नंबर पहिला लावून, आदल्या दिवशी फोनवर सांगावं लागतं. सोबत येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना मी तो फोन करायला लावतो. परवा एकाने सगळं नीट समजावलं, आजीने हो-हो म्हटलं आणि शेवटी विचारलं, "अन् च्या?" त्याला वाटलं चहा म्हणजे पातळ पदार्थ, तो चालेल म्हणाला. मी फोन हातात घेतला. दुधाचा चहा म्हणजे पोटात दूधच. आता कागदावर वेगळी ओळ लिहून देतो: सहा तास आत दुधाचा चहा नाही, कोरा चालेल, दोन तास आधीपर्यंत.